नववं कडवं

मीठवाफा तुडवायला घेतला की मधे थांबता येत नाही. पोंगल झाला की आमच्याकडे वाफ्यांतला गाळ उपसतात, वर बारीक वाळू पसरतात, आणि पंधरा-वीस बायका खांद्याला खांदा लावून, टाचांनी तो चिखल ठोकत पुढे सरकतात. रांग मधे थांबली तर तिथली जमीन वेगळी वाळते. तिला भेग पडते, त्या भेगेतून चिखल वर येतो आणि हंगामभर मीठ काळं निघतं. म्हणून गाणं लागतं. पुढे म्हणणारी एक, मागून ओढणाऱ्या बाकीच्या. वाफा पुरा होईपर्यंत गाणं संपता कामा नये.

आमच्या सेंगुडी गावात हे गाणं सोरिमुत्तु पावलरांचं. पावलर म्हणजे आमचे कवी. शाळेतली नोकरी सोडून मिठाच्या सत्याग्रहात पडले, आगरातल्या बायकांसाठी त्यांच्या पावलांच्या ठेक्यावर हे गाणं लिहिलं, आणि सरकारनं त्याची एकूण एक प्रत जप्त केली. दोनदा तुरुंगात गेले. दुसऱ्या खेपेला तापानं गेले, तेव्हा वय एक्केचाळीस. कागदावर काही उरलं नाही. गाणं राहिलं ते बायकांच्या तोंडी.

आता रांगेत पुढे म्हणते ती वडिवक्का. तिची आई उलगम्मा हिनं ते खुद्द पावलरांकडून ऐकलं होतं, चौदा वर्षांची असताना, बांधावर बसून. पोलिसांनी विचारलं, कुणी शिकवलं? ती तुडवतच राहिली. पोटऱ्यांवर छड्या बसल्या तरी रांग सोडली नाही. पुढे लेकीला गाणं देताना तिनं एकच अट घातली. "आठ कडवी पावलरांची. त्यातला शब्द हलवलास तर पाय मोडीन. आठ संपली आणि वाफा उरला, तर पुढचं तुझं तू बघ."

वाफा नेहमीच उरायचा. आठ कडव्यांत जेमतेम पाऊण वाफा होतो.

वडिवक्काचं पूर्ण नाव सुडलैवडिवू. अंगानं काटकुळी, साडीवर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा सदरा, पोटऱ्यांना चिंध्या गुंडाळलेल्या. तिला बसणं जमायचं नाही. बसमध्ये जागा असली तरी दांड्याला धरून उभी. शिळ्या भाताचं पाणी पितानाही ओसरीवरून अंगणात, अंगणातून ओसरीवर. नवरा मिठाच्या लॉरीवर हमाल होता, तो लवकर गेला. पण तिची येरझार त्याच्याही आधीची. तो म्हणायचा, "हिच्याशी लग्न नाही केलं, हिच्या पाठीशी केलंय."

मुलगी सेल्वी झाली आणि चाळिसाव्या दिवशी वडिवक्का कामावर आली. सेंगुडीच्या आगरात तेव्हाही सावली नव्हती, आजही नाही. जिकडे बघाल तिकडे पांढरं. खाली मीठ, वर ऊन. बांधावर तिनं मिठाची पाटी उपडी घातली, एका बाजूला दगडाचा टेकू दिला आणि खाली पोरीला निजवलं. मुकादम ओरडला, पाटी कामाची आहे. त्या जानेवारीत वाफा तुडवताना आठ कडवी संपली आणि नववं तिच्या तोंडून आलं:

*एवढ्या पांढऱ्या आगरात सावली एकच, माझ्या पाटीची,*
*तिच्याखाली निजवली लेक, आता मीठ कशात वाहू?*
*राज्य कुणाचंही येऊ द्या, आधी एक झाड लावा.*

ते बायकांना आवडलं आणि राहिलं. उलगम्माचं पोलिसाच्या पगडीवरचं जुनं कडवं मागे सरकून दहावं झालं. अकरावं पेच्चीचं. पेच्ची ही वडिवक्काची नणंद, रांगेत कायम तिच्या डाव्या हाताला. तिचं कडवं मुकादमाच्या छत्रीबद्दल आहे आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पावलरांच्या जन्मशताब्दीला दीड वर्ष असताना कॉलेजातले तमिळचे प्राध्यापक ज्ञानसिगामणी टेपरेकॉर्डर घेऊन आगरात आले. तुडवणी चालू होती. बांधावरून रांगेच्या बरोबरीनं चालत त्यांनी अकराच्या अकरा कडवी टिपली, चपला खारट चिखलात गेल्या तरी. संपल्यावर डोळे पुसले, सगळ्यांना हात जोडले आणि बस पकडली. कुठलं कडवं कुणाचं हे त्यांनी विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही. आमच्यासाठी ते वाफ्याचं गाणं. इथल्या माणसाला जे न सांगता ठाऊक असतं ते प्राध्यापकाला नसेल, हे कुणाच्या मनातच आलं नाही.

वर्षानं ते छपाईची कच्ची पानं घेऊन आले. वडिवक्काच्या ओसरीवर बसून त्यांनी वाचून दाखवलं. आठ कडवी झाली. मग चष्मा सारखा केला. "आणि हे नववं. अम्मा, या एका कडव्यासाठी माझी हयात कारणी लागली. सत्याग्रहाच्या धामधुमीत हा माणूस बायकांच्या सावलीचा विचार करतो. झेंड्याच्या पलीकडचं बघतो."

पेच्चीनं विचारलं, "आणि अकरावं कुठंय?"

"दहावं आणि अकरावं नंतर कुणीतरी घुसडलेलं दिसतं. पावलरांना ते शोभत नाही."

"असं का?" पेच्ची म्हणाली. "मलाही वाटलंच होतं, कुणा भिकार बाईचं असणार."

वडिवक्का खांबाला टेकून उभी होती. ती बोलायला पुढे झाली, तेवढ्यात प्राध्यापक म्हणाले, "कलेक्टरबाईंनी हे कडवं वाचलं. त्यांना इतकं लागलं की शताब्दीच्या निधीतून आगरात चार ठिकाणी सावलीच्या शेड मंजूर झाल्या. पावलरांची इच्छा म्हणून. खारट जमिनीत झाड जगत नाही, म्हणून शेड. हेच कडवं दगडावर कोरायला दिलंय."

वडिवक्कानं तोंड मिटलं.

त्या दिवसापासून तिची झोप गेली. घागर भरायची आणि नळावरच विसरून यायची. दारात कोलमची रांगोळी काढायला बसायची आणि अर्धी टाकून उठायची. आगरात खड्डे खणायला माणसं आली तेव्हा बायका हातातली कामं टाकून बघायला गेल्या. कुणी म्हणाली इथे चूल मांडू, कुणी म्हणाली इथे पाळणा बांधू. गरोदर असलेली एक सून खड्ड्याशेजारी उगाच उभी राहून आली. वडिवक्का गेली नाही.

"काय खुपतंय तुला?" पेच्चीनं विचारलं.

"ते माझं कडवं आहे."

"मग? पोरगी सासरी दिली असं समज. चांगल्या घरात पडली."

"आईनं सांगितलं होतं, पावलरांचा शब्द हलवायचा नाही."

"तू कुठं हलवलास? वाढवलास. मेलेल्या माणसाला एक कडवं जास्त मिळालं तर तो काय परत पाठवणार आहे?"

सेल्वी शहरात शिवणकाम करायची. ती रविवारी आली तेव्हा तिलाही आईचं हे चालणं दिसलं. "आई, पावलर काय तक्रार करायला येणार आहेत?"

"ते नाही येणार. तुझी आजी येईल."

"आजी आली तर तिला शेडमध्ये बसव. जन्मात बसली नव्हती सावलीत."

वडिवक्काला हसू आलं, पण ते ओठाशीच अडकलं. एवढ्या बायकांच्या डोक्यावर सावली येत होती, आणि ती थांबवणारं एक वाक्य तिच्या तोंडात होतं. गिळलं तर गिळवत नव्हतं.

शताब्दीला आठवडा राहिला तेव्हा ती बसनं कॉलेजात गेली. प्राध्यापकांनी खुर्ची दिली. ती उभ्यानंच बोलली. सेल्वीचा जन्म, पाटी, मुकादम, सगळं. ज्ञानसिगामणींनी हातातल्या पेनाला टोपण घातलं.

"तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाहीत अय्या. मला वाटलं, शिकलेला माणूस आहे, कळत असेल."

ते त्यांना लागलं असावं. "पुस्तक छापून झालंय. पाचशे प्रती. आणि शेड? फाइलवर पावलरांचं नाव आहे. ते काढलं तर निधी देता येत नाही. अम्मा, मीही गप्प बसतो, तुम्हीही बसा. नुकसान कुणाचं आहे?"

वडिवक्का खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. "त्यांच्या तोंडात आज मी माझं घातलं, उद्या मुकादम त्याचं घालेल. मग पावलरांचं म्हणून आम्ही काय राखलं? आणि सावली मला हवी होती अय्या. लेक माझी होती. ते मी मागितलं. मी मागितलं तर मिळत नाही, त्यांनी मागितलं तर मिळतं, हे मला गिळवत नाही."

प्राध्यापकांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही.

समारंभ शाळेच्या मैदानात होता. मांडव, पावलरांचा हार घातलेला फोटो, कापडाखाली झाकलेला दगड. कलेक्टरबाई वयानं सेल्वीपेक्षा लहान. पुढच्या ओळीत आगरातल्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून बसलेल्या. वडिवक्काला गाणं म्हणायला बोलावलं. तिनं लाकडी व्यासपीठावर टाच ठोकून ठेका धरला आणि आठ कडवी म्हटली. खालून बायकांनी ओढली. आठवं संपलं आणि तिचा पाय थांबला.

बायकांनी नवव्याच्या सुरासाठी श्वास घेतला होता, तो तसाच राहिला.

"पुढचं म्हणा ना अम्मा," कलेक्टरबाई म्हणाल्या. "तेच तर ऐकायला आले मी."

"पावलरांचं इथे संपलं बाई. पुढचं माझं आहे. सेल्वी झाली तेव्हा केलेलं. शेड पाहिजेत, त्या मी मागतेय. पावलरांनी मागितल्या नव्हत्या."

कलेक्टरबाईंनी ज्ञानसिगामणींकडे पाहिलं. ते उठले. बसून राहिले असते तरी कुणी काही म्हटलं नसतं. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी विचारायला हवं होतं."

मांडवात कुजबुज झाली. कलेक्टरबाई सभ्यपणे म्हणाल्या की हे तपासून घेऊ. कार्यक्रम पुढे चालू राहिला, केळीच्या पानांवर भात-सांबार वाढलं गेलं, पण दगडावरचं कापड कुणी काढलं नाही. पंधरा दिवसांनी काम थांबल्याचं पत्र आलं. चार खड्ड्यांत खारं पाणी साचलं.

बायका वडिवक्काशी बोलेनाशा झाल्या. ती गरोदर सून समोरून आली की पदर ओढून वळायची. हे सगळ्यात जड होतं, कारण तिचा राग बरोबर होता. पोंगलनंतर तुडवणी लागली. वडिवक्कानं पहिली ओळ उचलली आणि मागून कुणी ओढली नाही. तिनं पुन्हा म्हटली. वीस जोड्या पाय चिखलात वेगवेगळे पडायला लागले. रांग वाकडी झाली, एका टोकाला चिखल फुगला. दुसरं कडवं ती एकटीच म्हणत होती, घसा फाटेपर्यंत, आणि एक पाऊलही मागे घेत नव्हती. शेवटी डावीकडून पेच्ची खेकसली, "हिच्याशी भांडण नंतर करा गं. वाफा काय आपला शत्रू आहे?" आणि तिनं ओढ धरली. मग दुसरीनं धरली. नववं आलं तेव्हा सगळ्यांनी म्हटलं. प्रेमानं नाही, वाफा उरला होता म्हणून.

ज्ञानसिगामणींनी पाचशे प्रतींत चिठ्ठ्या चिकटवल्या. पहिल्या खेपेला मजकूर दाखवायला आणला, त्यात लिहिलं होतं, 'नववं कडवं पावलरांचं नाही, कर्ती अज्ञात.' संशोधनात अशी पद्धत असते म्हणाले. वडिवक्का म्हणाली, "अज्ञात कशी? तुमच्या समोर उभी आहे." त्यांनी तिथेच खोडून तिचं नाव लिहिलं. पेच्चीनं विचारलं, अकराव्याचं काय? त्यांनी तेही घातलं, दोन शब्द गाळून.

दर सोमवारी कलेक्टर कचेरीत गाऱ्हाणी घेतात. वडिवक्का दर सोमवारी जायला लागली. पहिले सहा सोमवार एकटी. सातव्याला बसमध्ये पेच्ची शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मला शहरात बांगड्या घ्यायच्यात. बांगड्या घेतल्या नाहीत. पुढे ती सूनही आली, तान्ह्याला कडेवर घेऊन. खिडकीतला कारकून आता वडिवक्काला ओळखतो. एकदा कंटाळून म्हणाला, "अक्का, पावलरांच्या नावानं राहू दिलं असतं तर एव्हाना झालं असतं."

"झालं असतं," ती म्हणाली. "शिक्का मारा."

चौतीस अर्ज झाले. कचेरीत बाकं आहेत. ती भिंतीशी उभी असते, एका पायावरून दुसऱ्या पायावर. सेल्वी म्हणते, हिला शेड मिळाली तरी ही तिच्यात बसणार नाही. ते खरंही असेल.

गेल्या महिन्यात चारांपैकी एका खड्ड्यातलं पाणी उपसून लोखंडी खांब उभा केला. वर पत्रा नाही. कधी येईल, कुणाला सांगता येत नाही. दुपारी त्या खांबाची सावली मनगटाएवढी रुंद पडते. पेच्ची जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन मुद्दाम तिच्यात जाऊन बसते आणि सूर्य सरकला की डब्यासकट सरकते. वडिवक्का बांधावरून तिच्याकडे बघत येरझाऱ्या घालते. दर फेरीला तिच्या तोंडून तेच निघतं, "सोमवारी पत्र्याचं विचारायचं."

"विचार गं," पेच्ची घास चावत म्हणते. "आधी जेव."