बुटांमागचा लोखंडी पाय

नेटवर एका अमेरिकन वकिलाचा दीडशे वर्षांपूर्वीचा फोटो सापडलाय, बघाच तुम्ही! वडिलांच्याच ऑफिसात बसून वकिली शिकला, मग तिकडचा आमदार झाला, सभागृहात तासन्‌तास बोलायचा म्हणे. फोटोत कसला ताठ उभाय! पण नीट बघा, बुटांमागे एका लोखंडी स्टँडचा पाय दिसतो. तेव्हा फोटो निघायला वेळ लागायचा, म्हणून माणूस हलू नये यासाठी मागून डोकं चिमट्यात धरायचे. एवढा बोलणारा माणूस, आणि मान चिमट्यात! मी चेहरा सोडून तो पायच बघत बसले.

कारण कालच मी वकिलीच्या सनदेसाठी फोटो काढून आले. बाबा स्वतः वकील, त्यामुळे सोबत आलेच. माझ्या गळ्यातला वकिलांचा पांढरा बँड सारखा करत म्हणाले, "मान वर. आजोबांची खुर्ची तुझी वाट बघतेय."

"बाबा, मला खरंच वकिली नाही करा..."

"हलू नकोस गं!"

क्लिक.

फोटोत माझ्या खांद्यावर बाबांची दोन बोटं आलीत. फोटोवाले काका म्हणाले, "पुसून टाकतो."

मी म्हटलं, "नको काका. दिसू देत."