गाडीत उरकलेलं पारायण

देवाने माझ्यावर कृपा केली, असं लिहिताना आजही हात आखडतो. करायचीच होती तर आईच्या किडन्यांवर करायची! डॉक्टरांनी तिला कोथरूडला घरी न्यायला सांगितलं, तोवर तिची नजरही जवळजवळ गेली होती. तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. मी तिच्या पलंगाशी बसून गुरूंच्या पोथीचं सात दिवसांचं पारायण करावं. आयुष्यभर ती वाचत आली होती, आता तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

मी रक्ततपासणीची यंत्रं दुरुस्त करतो. आठवड्यातले चार दिवस पुणे-कोल्हापूर रस्त्यावर एकटाच गाडी चालवत असतो आणि सोबतीला ऑडिओबुकं ऐकतो. शोधल्यावर पोथीही तशी मिळाली. धीरगंभीर आवाज, मागे तंबोरा. ती दीडपट वेगाने लावून मी कोल्हापूरला जाऊन-येऊन दोन दिवसांत पारायण संपवलं आणि घरी आल्यावर आईला म्हटलं, "झालं पारायण." तिने विचारलं, "बैठक कुठे मांडली होतीस?" मी खरं ते सांगितलं. "छान. देवालाही सीटचा पट्टा बांधलास ना?" म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला राग आला. नोकरी करायची की पोथ्या वाचायच्या? दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या उशाशी जुना मोबाईल ठेवला, त्यावर पोथी सुरू केली, तिला सांभाळणाऱ्या बाईंना बटणं दाखवली आणि मी पुन्हा निघालो.

मनाला मात्र ते लागलं होतं. म्हणून गाडीतही पोथी पहिल्यापासून लावली, या खेपेला साध्या वेगाने. निदान तेवढा तरी दोष जावा. साताऱ्याच्या अलीकडे टायर बसला. जादा टायर काढला तर त्यातही हवा नव्हती. समोरच पंक्चरचं दुकान होतं, तिथे एक पांढऱ्या दाढीचे चाचा होते. गाडीत पोथी चालूच होती. "चांगलं वाचतायत. कोण हायत?" त्यांनी विचारलं. "माहीत नाही. विकतचा आवाज आहे," मी म्हणालो. आणि का कोण जाणे, त्या अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकलं.

ते चाकावरून मान वर न करता म्हणाले, "आमच्या अब्बांना शेवटी दिसत नव्हतं. मी कुराण वाचाया बसायचो. मला धड येत बी नव्हतं. पर अब्बा माझा गुडघा धरून ऐकायचे. मशीनला असं धरता येतंय व्हय, साहेब?"

मी पुढच्या वळणावरून गाडी पुण्याकडे वळवली.

घरी पोचलो तर मोबाईल बंद होता. आईनेच बंद करायला लावला, असं बाई म्हणाल्या. आंघोळ केली, समई लावली आणि त्याच संध्याकाळी पलंगाशी बसलो. पहिल्याच ओवीला अडखळलो. आई म्हणाली, "सावकाश. कुठे पळायचंय तुला?" पाच दिवस असं वाचन झालं. सहाव्या दिवशी पहाटे आई गेली.

सुतकात पोथीला हात लावता येत नाही. भेटायला आलेली माणसं म्हणत होती, "भाग्यवान हो, पोथी ऐकत गेली." मी मान डोलवत होतो आणि आतून जळत होतो. पारायणाला दोन दिवस कमी पडले होते. गाडीत पारायण उरकायला मी बरोबर तेवढेच घालवले होते. हे मी कुणाला सांगितलं नाही.

त्या जागी टायर का बसला, याचा मी कीस पाडत नाही. टायर आहे, बसतो कधीतरी. पण मी स्वतःहून परत फिरलो नसतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. सुतक फिटल्यावर नातेवाईक म्हणाले, उरलेलं वाचून टाक. मी वाचलं नाही. वाचून टाकण्याची माझी हौस फिटली आहे. देवा, पारायण अपुरं आहे, ते तसंच तुझ्या पायाशी ठेवतो. आईजवळ बसायला मिळालेले ते पाच दिवस मी मागितलेही नव्हते.