कोरं सामान

नवीन पिकअप घेतली तेव्हा गॅरेजवाले काका म्हणाले, "कच्च्या रस्त्याला जाणार ना? मग ओढायचा पट्टा, फावडं आणि चाकाखाली घालायच्या फळ्या तरी ठेवा." मी सगळं हौसेने आणलं. श्रावणात एका शेतरस्त्यावर मागचं चाक चिखलात रुतलं. मी सामान उघडलं आणि थबकलो. प्लास्टिकच्या फळ्या कशा कोऱ्या, लालभडक! पट्टा अजून प्लास्टिकच्या पिशवीत.

"अहो, बघताय काय? काढा की!" बायको म्हणाली.

"दसऱ्याला पूजा व्हायचीय," मी पुटपुटलो.

तिने कपाळावर हात मारला. आमच्या रिमोटचंही प्लास्टिक अजून निघालेलं नाही. चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी, त्याहून चांगल्या कपाटासाठी. वस्तूंनी आपल्याला सांभाळावं म्हणून त्या आणायच्या आणि जन्मभर आपणच त्यांना सांभाळायचं.

तेवढ्यात बांधावर काम करणाऱ्या एका मावशींनी पावसासाठी डोक्यावर घेतलेलं रिकामं पोतं काढून चाकाखाली कोंबलं. गाडी सुटली. चिखलाने माखलेलं पोतं त्यांनी माझ्याच हातात दिलं.

"ऱ्हाऊ द्या संगट. तुमचं सामान नवं हाय, उगा मळंल."

दसऱ्याला मी पट्टा, फावडं, फळ्या ओळीने मांडल्या. बायकोने ते पोतं आणून मधोमध ठेवलं आणि पहिलं हळदकुंकू त्यालाच वाहिलं.