जयपुरात आम्हाला कुणीही फसवलं नाही

फिरून आलेल्या माणसाला आमच्या घरात "काय काय बघितलंत?" असं कुणी विचारत नाही. "कुणी फसवलं का?" असं विचारतात. नाही म्हटलं तर समोरच्याचा चेहराच पडतो. त्यामुळे आमच्याकडे फोटोंपेक्षा किस्से जास्त साठलेत. मोबाईल भरला की फोटो डिलीट करता येतात. किस्से मात्र प्रत्येक बारशाला, साखरपुड्याला पुन्हा पानात पडतात, आणि वाढणारा दरवेळी त्यावर एक चमचा तूप जास्त सोडतो. हे जयपूरचे, माझ्या हातचे. तूप बेताने सोडलंय.

आधी माणसं सांगते. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, डोंबिवलीच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. जयपूरच्या जंतरमंतरमधलं दगडी सूर्यघड्याळ त्यांनी आयुष्यभर फळ्यावर काढलं, पण प्रत्यक्ष कधी बघितलं नव्हतं. त्याची सावली म्हणे डोळ्यांदेखत सरकताना दिसते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी कौतुकाने विचारलं, "आजी, आता चालायला लागल्यावर कुठे जायचंय?"

"सावली सरकताना बघायला," आई म्हणाल्या.

डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू काही भूल अजून उतरलेलीच नाही!

तर ती सावली दाखवायची म्हणून निघालेलो. तेही पितृपक्षात, कारण तेव्हा आपली माणसं घराबाहेर पडत नाहीत, तिकडचा सीझन सुरू झालेला नसतो आणि हॉटेलं अर्ध्या दरात मिळतात. नवऱ्याला, मंदारला, रजा मिळाली नाही. "अण्णा आहेत ना," तो म्हणाला. अण्णा म्हणजे त्याचे काका, ठाण्यात वर्तकनगरला राहतात, बँकेतून रिटायर झालेत. आयुष्यात एकदाही फसलो नाही, हे ते नाव सांगायच्या आधी सांगतात. सोबत शोभाकाकू, म्हणजे त्यांची बायको. आणि माझी रेवा, वय वर्षं पाच.

*

रेवा हरवेल ही भीती मला ती जन्मायच्या आधीपासून आहे. त्यात जायच्या आधी मी टूरिस्टांना कसं लुटतात याचे इतके व्हिडिओ बघितलेले, की मोबाईल मला दुसरं काही दाखवेनासाच झाला. मंदार म्हणाला, "तू आता उलट बाजूने धंदा सुरू करू शकतेस."

निघायच्या दिवशी मी रेवाच्या दंडावर पेनाने माझा मोबाईल नंबर लिहिला. स्टेशनवर अण्णांनी तो पाहिला आणि हादरलेच.

"मृणाल! नंबर असा उघडा ठेवतात?"

"अण्णा, हरवली तर कुणीतरी फोन करेल ना."

"तेच म्हणतोय मी! अनोळखी माणसाचा फोन येईल!"

मग फुल बाह्यांचा फ्रॉक शोधून घातला. आता पोर हरवलं असतं तरी नंबर सुरक्षित होता.

*

पहिल्या सकाळी लख्ख ऊन. आई आंघोळ करून, काठी घेऊन, आठलाच तयार. ॲपवरून टॅक्सी बोलावली, ती आली, आम्ही बसलो. ड्रायव्हरने विचारलं, "सर, ओटीपी?"

अण्णा जागच्या जागी ताठ झाले. या माणसाने हयातभर काउंटरवरून गिऱ्हाईकांना बजावलंय की ओटीपी सख्ख्या भावालासुद्धा सांगायचा नाही.

"नहीं बताएगा," अण्णा म्हणाले.

"सर, बिना ओटीपी के ट्रिप चालू नहीं होगी."

"बघ, बघ मृणाल! हेच बोलतात सगळे! अगदी याच सुरात!"

मी सांगितलं, "अण्णा, हा वेगळा ओटीपी. डोंबिवलीत मी रोज सांगते."

"म्हणूनच डोंबिवली मागे राहिली," ठाण्याचे अण्णा म्हणाले.

बुकिंग त्यांच्या मोबाईलवर होतं आणि मोबाईल त्यांनी बनियनच्या आतल्या खिशात ठेवलेला. ड्रायव्हरने हात जोडले. शोभाकाकूंनी डोळे वटारले. शेवटी त्याने ट्रिप कॅन्सल केली, आम्ही उतरलो. अशा तीन गाड्या आम्ही सोडल्या. चौथ्याने काही न विचारता गाडी सुरू केली, तर अण्णा मध्येच ओरडले, "थांबव! याने ओटीपी कसा नाही विचारला?"

तो दिवस तिथेच संपला. ऊन मात्र दिवसभर होतं.

*

दुसऱ्या दिवशी रिक्षा केली. रिक्षावाला जंतरमंतरच्या वाटेवरून गोड बोलत एका गालिच्यांच्या दुकानात घेऊन गेला. "दो मिनट, देखने का पैसा नहीं है." ही युक्ती मी सहा व्हिडिओंमध्ये बघितलेली. मी म्हटलं, "कुणीही उतरू नका."

शोभाकाकू उतरलेल्या होत्या.

"अगं, नुसतं बघू. घेतंय कोण?"

दुकानदाराने चहा मागवला. एक गालिचा उलगडला. काकूंनी तो उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "दुसरा रंग?" त्याने दुसरा उलगडला. "असाच, पण लहान?" लहान उलगडला. "लहान नको बाई, मोठाच, पण किनार वेगळी." दुकानातली जमीन दिसेनाशी झाली. दुसरा चहा आला. रेवा गालिच्यांच्या ढिगाऱ्यावर झोपली. आई दारातल्या उन्हाकडे बघत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "बारा वाजून गेले असतील गं. बघ, पायरीची सावली आत आली." मला इतकं वाईट वाटलं! पण काकूंना उठवणं म्हणजे बस आगारातून एसटी ढकलत बाहेर काढणं.

शेवटी दुकानदाराने घाम पुसत विचारलं, "माताजी, कौनसा पैक करूँ?"

"छान आहेत हो सगळे," काकू पदर सावरत म्हणाल्या, "पण आमच्याकडे कुत्रा आहे."

निघताना तो माणूस रिक्षावाल्याला बाजूला घेऊन काय बोलला ते मी ऐकलं. "इनको दोबारा मत लाना."

काकूंकडे कुत्रा नाही. कधीच नव्हता.

*

अण्णांचं म्हणणं, टूरिस्ट दिसलं की लोक फसवायला येतात, तेव्हा टूरिस्ट दिसायचंच नाही. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर गोल टोपी, पायात ट्रेकिंगचे बूट आणि हातात वर्तकनगरच्या ज्वेलरचं नाव छापलेली पिशवी, अशा अवतारात ते प्रत्येक फेरीवाल्याला सांगायचे, "हम यहीं रहते हैं."

गालिच्यांतून सुटेपर्यंत दुपार कललेली, म्हणून जंतरमंतर उद्यावर टाकून हवामहालाकडे गेलो. तिथे समोरच हेच वाक्य एका कानपूरच्या जोडप्याने ऐकलं. बिचारे खूश! "अंकलजी, आप यहीं के हैं? अंदर जाने का रास्ता किधर से है?"

आता आत जायचा रस्ता मागच्या गल्लीतून आहे, हे आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं? पण अण्णांनी जराही न डगमगता डावीकडे हात केला. "सीधा. फिर चाय की टपरी आएगी. उधर से पूछ लो."

तासाभराने आम्हीही विचारत विचारत मागच्या दाराशी पोचलो, तर तिकिटाच्या रांगेत तेच जोडपं आमच्या पुढे. बाई नवऱ्याला सांगत होती, "मैंने कहा था ना, यहाँ के लोगों पे भरोसा मत करना."

*

रात्री हॉटेलच्या डायनिंग हॉलमध्ये शेजारच्या टेबलावर एक गुजराती आजी एकट्याच बसलेल्या. रेवाकडे बघून हसल्या, डबा उघडला आणि खाखऱ्याचा तुकडा पुढे केला. "ले बेटा."

रेवाने हात मागे बांधले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नहीं चाहिए! आगे बढ़ो!"

हॉलमध्ये चमचे वाजायचे थांबले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"हे कुणी शिकवलं हिला?" आईंनी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी अण्णांकडे बघितलं. खरं सांगायचं तर शब्द अण्णांचे होते, पण तो सूर माझाच होता. मी उठून आजींकडून दोन खाखरे मागून घेतले आणि सगळ्यांसमोर खाल्ले. खोली बंद करताना मात्र कडी दोनदा तपासली, आणि मग स्वतःचाच राग आला.

झोपताना आई म्हणाल्या, "मृणाल, उद्या शेवटचा दिवस. उद्या तरी जाऊ ना गं?" एवढंच. त्या कधी हट्ट करत नाहीत. त्याचंच जास्त दडपण येतं.

*

सकाळी पडदा सरकवला तर आभाळ गच्च भरलेलं! आईंनी एकदा बाहेर डोकावून बघितलं. साडी मात्र ठेवणीतली नेसल्या.

या वेळी आईंचा गुडघा सांभाळत चालतच गेलो. गेटवर गळ्यात ओळखपत्र घातलेला एक गाईड पुढे आला. "माताजी, आज घड़ी नहीं चलेगी. पहले किला देख आइए, दोपहर को शायद चले."

अण्णा इतके हसले की टोपी पडली. "दगडाचं घड्याळ चालणार नाही! सेल संपला वाटतं! वहिनी, तुम्ही चला. किल्ल्यात याच्या भावाचं दुकान असणार."

आत गेलो. घड्याळ आमच्या बिल्डिंगहून उंच. वर चढत गेलेला तिरका जिना, दोन्ही बाजूंना कमानीसारख्या वळलेल्या दगडी पट्ट्या, त्यांवर बारीक खुणा. सगळं होतं. सावली नव्हती.

अण्णांनी घड्याळाला एक फेरी मारली. "वहिनी, पलीकडच्या बाजूला असेल."

"अहो," शोभाकाकू म्हणाल्या, "घड्याळाचं राहू दे. तुमची तरी पडलीय का बघा."

तेव्हा कुठे अण्णांनी वर बघितलं.

आई कट्ट्यावर बसून होत्या. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी नुसतीच हातात धरली. रेवाने विचारलं, "आजी, सावली कुठेय?"

आईंनी ढगांकडे बघितलं, मग रेवाकडे. काठी उचलली आणि उभ्या राहिल्या. "इकडे ये. सकाळी सूर्य तिकडे असतो, म्हणून सावली या पट्टीवर पडते. सूर्य वर चढतो तशी ती खाली उतरते. दुपारनंतर पलीकडच्या पट्टीवर जाते आणि चढायला लागते." आवाज थेट सहावी ब च्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. हळूहळू माणसं थांबायला लागली. त्यात एक मराठी जोडपंही होतं.

"अहो, किती छान सांगतायत, तेही मराठीत!" त्यातली बाई नवऱ्याला म्हणाली.

आईंचा चेहरा खुलला. "तुम्ही कुठले?"

"कळव्याचे," बाई म्हणाली. नवऱ्याने तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. तो कुजबुजला, पण ट्रेनमध्ये कुजबुजतात तसा, डबाभर ऐकू जाईल असा.

"कशाला सांगतेस? आधी गोड बोलतात, मग पैसे मागतात. तो टोपीवाला बघ. त्यांचाच माणूस आहे."

अण्णांनी घाईघाईने टोपी काढून पिशवीत कोंबली. कळवेकर बायकोला घेऊन तरातरा गेटकडे निघाले.

आणि तेवढ्यात ढग फाटला.

दगडी पट्टीवर आधी फिकट, मग काळीभोर रेघ उमटली. आईंनी कठड्यावरून वाकून रेवाला एक खूण दाखवली. "हिच्याकडे बघत राहा. डोळे हलवायचे नाहीत." रेघ त्या खुणेला टेकली, तिच्यावरून गेली, पुढच्या खुणेकडे निघाली. खरंच, डोळ्यांदेखत! आईंनी माझा हात घट्ट धरला.

मग एकदम त्यांना आठवलं, वर्ग अर्धा सुटलाय. त्या वळल्या आणि होता तेवढा आवाज काढून ओरडल्या, "अहो कळवेकर! थांबा! या लवकर! सावली सरकतेय!"

तो माणूस वळलासुद्धा नाही. चालता चालता त्याने नुसता हात वर केला.

"नको, नको! आम्ही कालच बघितली!"