मावशीचे केस

पहिल्या केमोच्या दिवशी, आता केस जाणार म्हणून मी नगरच्या दवाखान्यात रडत बसले होते. तेवढ्यात पारनेरकडच्या एक मावशी शेजारी येऊन टेकल्या. त्या स्वतः कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या, आणि आता नव्या पेशंटना धीर द्यायला येत.

"माझं बी टक्कल झालं हुतं. आता बघ, किती दाट आलेत!"

"मावशी, हा टोप आहे ना?"

"मग वढून बघ की!"

मी खरंच जोरात ओढले. मावशी अशा किंचाळल्या की नर्स धावत आली.

डोकं चोळत त्या म्हणाल्या, "काळजी नगं करू गं हिची. लई ताकद हाय पोरीत."

रडता रडता मला हसू फुटलं. पुढच्या प्रत्येक केमोला त्या आल्या, पण माझा हात पोचणार नाही अशा खुर्चीत बसल्या.