बिनअर्जाचे दोन दिवस

खरं कारण लिहून रजा मागणारा विद्यार्थी साऱ्या निजामी मुलुखात एकच होऊन गेला आणि तो माझ्या खोलीत राहत असे, असं मी आजही सांगतो. तो कुरुंद्याचा, मी हट्ट्याचा. वसमत तालुक्यातले म्हणून औरंगाबादच्या कॉलेजात आम्ही एकत्र राहिलो. पाऊण हाजिरी भरल्याशिवाय परीक्षेला बसू देत नसत. कमी पडली तर प्रत्येक गैरहाजिरीचा अर्ज दाखवावा लागे; एकही अर्ज नसला की परीक्षेचा फॉर्म अडला. म्हणून आम्ही बाकीचे तापानं फणफणायचो, नाहीतर घरातली माणसं मारायचो. हा मात्र सुवाच्य उर्दूत लिहायचा, ‘घरी हळद शिजते आहे, कढईजवळ माणूस कमी आहे.’ म्हैस व्याली तेव्हा खरवसासाठी एक दिवस मागितला. एकदा तर लिहिलं, ‘काल जेवण जास्त झालं, वर्गात झोप येऊन आपला अपमान होईल.’ इतिहास शिकवणारे बुजुर्ग मौलवीसाहेब हे अर्ज मोठ्यानं वाचत, हसून डोळे पुसत आणि मंजूर करत. मी म्हणायचो, “अरे, ताप आला म्हन की.”

“आन् खरंच आला तर काय लिहू?”

एकदा जालन्याला बोलपट आला. ‘हट्ट्याचे काका वारले’ असा अर्ज टाकून मी सटकलो. त्याला सांगितलं नाही. त्याच्यासमोर खोटं बोलायला माझी जीभ रेटत नसे. मौलवीसाहेबांनी वर्गात अर्ज वाचला आणि हा स्वतःचा अर्ज न देताच उठून चालू लागला. माझ्या काकांनी एका सुट्टीत त्याला हुरडा खाऊ घातला होता, एवढीच ओळख. पूर्णेला गाडी बदलून वसमत, तिथून पायी हट्टा. दारात काका बैलाच्या शिंगांना तेल लावत बसलेले.

“काहून आलास रं लेकरा, येवढ्या लांब?”

“तुमाला बघावं म्हनलं.”

एका परीनं तेही खरंच. काकांनी स्वतः चहा करून पाजला. खोलीवर परतल्यावर त्यानं माझ्या खाटेवर शेंगांचं गाठोडं ठेवलं. म्हणाला, “काकांनी दिल्यात. तब्येत बराबर हाय त्यांची.”

दुसऱ्या दिवशी मौलवीसाहेबांनी विचारलं, “मियाँ, दो दिन की अर्जी?”

“वजह सच्ची है साहब, मगर मेरी नहीं.”

त्यांनी हाजिरीचं बुक उघडंच ठेवलं. मी उठून बोललो असतो तर सगळं मिटलं असतं. मी वहीत रेघा ओढत बसलो. हळदीपायी त्याची हाजिरी कमी होतीच. त्या दोन दिवसांवर त्याचा फॉर्म अडला. मी परीक्षेला बसलो. तो कुरुंद्याला गेला, तो परत आला नाही.

मी पुढे त्याच कॉलेजात शिकवू लागलो. पोरांची हाजिरी घेतो, अर्ज वाचतो. मला कधी हसू आलं नाही.

दहा-बारा वर्षांनी काका खरोखरच गेले. सोयऱ्यांच्या आधी हा कुरुंद्याहून चालत आला आणि माझ्याजवळ बसला. “त्या दिवशी मी बोलायला पायजे होतं,” मी कसंबसं म्हणालो.

“कालेजात अर्ज देऊन आलास का?”

“न्हाई. तसाच निघालो.”

“मंग आदी तो लिही. ह्या बारीला खरं हाय.” त्यानं खिशातून कागद काढला. मी लिहिला. त्यानं दोनदा वाचला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि काकांच्या रिकाम्या ओसरीकडे बघत म्हणाला, “चहा बेस करायचे, तेवढं लिहायचं ऱ्हायलं.”