रफूवालीचा उजेड

गल्लीत त्याला पाठीमागे सगळे ‘मीटर’ म्हणायचे. घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचायची नोकरी होती त्याची. निवृत्त झाल्यावर वाचायला स्वतःच्या घरचं तेवढं एकच मीटर उरलं, आणि त्याने ते सोडलं नाही. बायको स्वयंपाकघरात जाऊन जरा वेळ झाला की तो मागून जाऊन दिवा मालवायचा. ती आत असली तरी.

बायको रफू करायची. कुणाची पँट खिळ्याला लागून फाटलेली, कुणाच्या शालीला कसर लागलेली. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढून ती भोक असं भरायची, की ज्याचं कापड त्यालाही जागा सापडू नये.

जुने पिवळे बल्ब काढून एलईडी घ्यायचं ठरलं, तेव्हा दोघं मिळून दुकानात गेली. दुकानदाराने नीट समजावलं. वॅट म्हणजे बल्ब खातो किती. देतो किती ते ल्युमेनवरून बघायचं. जुन्या साठच्या जागी नऊचा घ्या, तरी वीज पुष्कळ वाचते. आणि वहिनींचं काम बारीक आहे, तर रंग खरे दाखवणारा घ्या. मीटरने सगळं मान डोलवत ऐकलं आणि सगळ्यात लहान आकडा मागितला. जिन्यात लावतात तसले तीन वॅटचे बल्ब, सगळ्या घराला. पिशवी तिलाच धरावी लागली.

आधी ती खुर्ची बल्बखाली ओढून बसायला लागली, मग उंच स्टुलावर. एकदा एका वकिलाचा काळा कोट आला. आतल्या शिवणीतला धागा पुरेना, म्हणून रिळातला काळा दोरा घेऊन तिने तो मन लावून केला. चार दिवसांत वकील कोट घेऊन दारात. उन्हात धरला तर काळ्या कापडावर गडद निळा ठिपका स्वच्छ दिसत होता. मीटर तिथेच बसला होता. काय झालंय ते त्याला कळत होतं.

“राग मानू नका, साहेब,” तो म्हणाला. “हिला आता दिसत नाही.”

पुढे हेच तो न्हाव्याकडे बोलला, भाजीवालीकडे बोलला, कुणी न विचारता. लोक हळहळले आणि कपडे दुसरीकडे नेऊ लागले. हळूहळू तिचंही मन तेच घेऊन बसलं. घरातल्या घरात ती भिंत चाचपत चालायला लागली.

मुलगी परगावाहून आली, ते बघून घाबरली आणि तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने तपासून सांगितलं की डोळ्यांना काही झालेलं नाही, चष्म्याचा नंबरही बरोबर आहे. काम कुठल्या उजेडात करता, एवढंच त्याने विचारलं. परतताना ती मुलीचा हात सोडून बल्बच्या दुकानात शिरली. एकेक बल्ब लावायला लावून त्याखाली काळी आणि निळी रिळं शेजारी शेजारी धरली. एका बल्बखाली दोन्ही वेगळी झाली. तो तिने घेतला.

मुलगी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी होल्डर रिकामा होता. मीटर फिरायला गेला होता, बल्ब खिशात घालून. त्यानंतर तो बाहेर पडला की बल्बही बाहेर पडायचा. तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, डॉक्टरचं काय जातंय सांगायला.

बाहेरच्या जिन्यातला बल्ब त्याने कधीच काढून टाकला होता. एका संध्याकाळी त्याच जिन्यात त्याचा पाय चुकला आणि खुबा मोडला. दवाखान्यात नर्सने त्याच्या वस्तू तिच्या हातात दिल्या: किल्ल्या, चष्मा आणि तो बल्ब. बल्बला ओरखडाही नव्हता.

घरी आणल्यावर तिने त्याची खाट पुढच्या खोलीत घातली, बल्ब बरोबर वर लावला आणि खाटेला लागून खुर्ची टाकली. गिऱ्हाइकं परत येऊ लागली. दिवा सकाळी लागायचा तो ती झोपायला जाईपर्यंत. त्याला कुशीवर वळता येत नव्हतं.

“अगं, डोळ्यांत जातोय. दिवसाढवळ्या कशाला दिवा?”

“अहो, मला दिसत नाही ना,” ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवला.

मुलगी आली तेव्हा तिने सुचवलं, मान वाकवता येणारा टेबलावरचा दिवा आणते, उजेड नुसता कामावर पडेल. आई म्हणाली, नको, आहे त्यात भागतंय. मुलीने वडिलांच्या तोंडावर रुमाल टाकला. ती स्टेशनला गेल्यावर आईने तो उचलून, घडी करून, कपाटात ठेवला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं, ते ती पदराने टिपायची, अगदी हलक्या हाताने. येणारीजाणारी म्हणायची, एवढं करतं कोण आजकाल.

तसा तो वर्षभर राहिला. एका दुपारी श्वास थांबला तेव्हा तिच्या मांडीवर कुणाची तरी शाल होती, भोक निम्मं भरलेलं. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं. मग उरलेलं भोक भरलं, दोरा दातांनी तोडला, शाल झटकली आणि शेजारणीला हाक मारली.